घरच्या परीक्षेच्या बाई

"काल रात्री काय जेवलात?"

दार उघडल्या उघडल्या नमस्कार नाही, नाव-गाव नाही, एकदम हा प्रश्न अंगावर आला तर माणूस काय करील? मी गोंधळले. जिन्यात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, दोरी लावून गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि खांद्याला ही एवढी थोरली कापडी पिशवी. पिशवीतून प्रेशर कुकरची दांडी बाहेर आली होती.

मी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांबा हं, आईंना विचारते."

"तुम्ही काय जेवलात, ते आईंना विचारणार?"

आणि त्या जिन्यातच अशा काही खदखदून हसल्या की खालच्या मजल्यावरच्या बेन हात पुसत बाहेर आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर मी काही चुकीचं बोलले नव्हते. आमच्या घरात काय शिजायचं, कसं शिजायचं, किती शिजायचं हे सासूबाई ठरवत. मी पानावर येईल ते जेवत असे. काल काय होतं हे आठवायची मला कधी गरजच पडली नव्हती.

हसून झाल्यावर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एव्हाना बाहेर आलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, "ही मला हवी."

बाजारात भेंडी निवडावी तसं त्यांनी मला निवडलं, आणि आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या अंगात उत्साह संचारतो. मागे वळून बघायची माझी सवय त्या दिवसापासून सुटायला लागली.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण बडोद्यात त्यांना नावानं ओळखणारं फारसं कुणी नव्हतंच. आमच्या नागरवाड्यात त्या 'कुकरवाल्या बाई', नंदेसरीच्या कामगार वस्तीत 'मोटां बेन', आणि वाघोडियाकडच्या बायका नुसतं 'पेलां बूटवाळां', म्हणजे त्या बूटवाल्या, म्हणत. जन्मभर कॉलेजात गृहविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर एका संस्थेनं त्यांना काम दिलं होतं. वस्तीवस्तीतल्या काही बायका निवडायच्या, त्यांना रोजच्या खाण्यापिण्याची जाण द्यायची, आणि त्या बायकांनी मग आपापल्या गल्लीत चार घरांना शिकवायचं. काय खावं, काय पाहून विकत घ्यावं, आहे त्यातच चांगलं कसं शिजवावं, एवढंच. बाई म्हणत, "मी कॉलेजात इतकी वर्षं ज्यांना शिकवलं त्या सगळ्या अमेरिकेत गेल्या. आता ज्या इथेच राहणार आहेत त्यांना शिकवते."

सासूबाईंनी मला जाऊ कसं दिलं, हे कोडं आहे. बाईंचं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि कुठल्याशा मावसनात्यानं ओळख निघाली. मामंजींच्या वडिलांनी संस्थानच्या कोठीखात्यात काम केलं होतं, त्यामुळे ओळखीचं घराणं निघालं की आमच्याकडे अर्धी लढाई जिंकल्यासारखं असे. "बाई चांगल्या घरातल्या आहेत," सासूबाई नंतर म्हणाल्या. "जरा तऱ्हेवाईक आहेत, पण चालेल. पोळ्या करून जात जा."

हे 'पोळ्या करून' नीट समजून घ्यायला हवं. मी मूळची कराडची. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मी भाजी चिरत असे, कणीक मळत असे, पोळ्या लाटत असे. पण आमटीच्या पातेल्याला माझा हात लागलेला नव्हता. फोडणी, मीठ, गूळ, सगळं त्यांच्या हातचं. कधी मी पळी उचललीच तर लगेच गोड आवाजात येई, "अगं, तू पोळ्या कर. पोळ्या काय सुरेख करतेस तू!" कौतुक करून माणसाला बाहेर ठेवता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांची आमटी होतीही झकास, मुठीनं गूळ घातलेली, अगदी बडोद्याची. मला मात्र वाटे, एकदा, फक्त एकदा त्या पातेल्यात मी माझ्या हातानं काहीतरी घालावं आणि ते सगळ्यांनी वाटीवाटीनं मागून घ्यावं. हसू येईल कुणाला. पण त्या दिवसांत माझी सगळी इच्छा तेवढीच होती.

वर्ग भरायचा एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, सकाळी दहाला. पहिल्याच दिवशी संस्थेकडून आलेले मोठमोठे तक्ते बाईंनी उलगडले. त्यांवर हसणारी गाजरं आणि हात जोडून उभा असलेला मुळा होता. बाईंनी ते बघितले, उलटे करून जमिनीवर अंथरले आणि त्यावर मटारच्या शेंगांचा ढीग ओतला. "सोला," म्हणाल्या. "सोलता सोलता बोलू." ते तक्ते पुढे शेवटपर्यंत मटार, तुवर आणि वाल सोलायलाच वापरले.

वर्गात एक शब्द बंद होता. 'पौष्टिक'. जी कुणी 'पौष्टिक' म्हणेल तिनं चिमूटभर कोरडी मेथी चावून खायची. "ज्या क्षणी तुम्ही पौष्टिक म्हणता, त्या क्षणी पोर ताट सरकवतं आणि नवरा बाहेर जाऊन सेवउसळ खातो," असं त्यांचं म्हणणं. "चव सांगा! कुरकुरीत म्हणा, खमंग म्हणा, गरमागरम म्हणा!" एकदा संस्थेचे साहेब भेटीला आले आणि त्यांच्या भाषणात हा शब्द पहिल्याच वाक्यात आला. आमच्या सगळ्यांच्या नजरा मेथीच्या डबीकडे वळल्या. बाईंनी शांतपणे ती त्यांच्यापुढे सरकवली. साहेबांना वाटलं बडीशेप आहे. त्यांनी चांगली मोठी चिमूट तोंडात टाकली आणि उरलेलं भाषण फार लवकर आटोपलं.

प्रशिक्षण म्हणजे बाईंबरोबर हिंडणं. भाजीबाजारात त्या आम्हाला डोळे मिटून कोथिंबीर, पुदिना, शेपू ओळखायला लावत, आणि भाजीवाल्या बायका स्वतःच येऊन आमच्या नाकाखाली जुड्या धरत. किराण्याच्या दुकानात तर त्यांची वेगळीच तऱ्हा. डबा उचलायचा, मागची बारीक अक्षरं शोधायची आणि कीर्तनाला उभं राहिल्यासारखं खड्या आवाजात वाचायचं. मुलांची उंची वाढवणाऱ्या कुठल्याशा पावडरीचा डबा त्यांनी असा वाचला. पहिलं नाव साखरेचं निघालं. बाई थांबल्या, आमच्याकडे वळल्या आणि विचारलं, "पहिलं नाव कुणाचं येतं?"

"जे सगळ्यात जास्त असतं त्याचं!" आम्ही सगळ्या एका सुरात.

गिऱ्हाईक पळेल या भीतीनं गल्ल्यावरचे शेठ हात जोडून म्हणाले, "बेन, धीमे वांचो ने! घराक भागी जशे."

"भागी जशे तो शेंगदाणा लेवा पाछा आवशे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडूनच शेंगदाणे आणि गूळ घेऊन बाहेर पडल्या. शेठना राग आला नाही. पुढच्या खेपेला त्यांनीच एक नवीन पाकीट काढून पुढे केलं, "आ वांचो, बेन. आमां शुं छे?" आपण काय विकतो हे त्यांनाही माहीत करून घ्यायचं होतं.

जेवणाचा तो प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. रिक्षावाला, बँकेतला कारकून, दवाखान्यातले डॉक्टर, कुणी सुटत नसे. लोक चेष्टा करत. मीही मनातून हसत असे, ते आमच्या गल्लीतले एक गृहस्थ गेले तोपर्यंत. घरात माणसांची दाटी, सगळे माना खाली घालून बसलेले. बाई आल्या, त्यांच्या बायकोपाशी बसल्या आणि विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय का?" सगळ्यांनी चमकून पाहिलं. अशा वेळी हे विचारायचं! त्या माउलीनं नुसती मान हलवली. बाई उठल्या, शेजारच्या घरात जाऊन कुकर चढवला, आणि थोड्या वेळानं मुगाची मऊ खिचडी घेऊन आल्या. चमच्यानं, पोराला भरवावी तशी भरवली. त्या आधी घास घेईनात, मग रडत रडत सगळी वाटी संपवली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बाईंच्या पिशवीत कायम कुकर का असतो, ते त्या दिवशी कळलं.

आता आमच्या फजितीची गोष्ट. आमच्यात नंदेसरीच्या शारदाबेन होत्या. त्यांचा नवरा तिथल्या रसायनांच्या कारखान्यात कामाला. शारदाबेन अंगानं भरदार, आवाज त्याहून भरदार, आणि माझी त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून गट्टी. पहिला सरावाचा वर्ग त्यांच्याच वस्तीत घ्यायचा ठरला. विषय होता, तेल आणि साखर कमी कशी करावी. आम्ही दोघींनी पाठांतर केलं, आरशासमोर उभं राहून बोलून पाहिलं. निघायच्या आदल्या दिवशी शारदाबेन म्हणाल्या, "पण बेन, कोईना घरे खाली हाथे केम जवाय?"

खरंच की! बडोद्याचं माणूस कुणाकडे रिकाम्या हातानं जाईल? आणि आलेल्या माणसाला नास्तो दिल्याशिवाय कसं बसवील? आम्ही डबा भरून लीलो चिवडो नेला. बटाट्याच्या काड्या आणि डाळ खरपूस तळून, वर साखर पेरून, अगदी तेलानं चमचम करणारा. आणि वस्तीत पोचल्यावर पातेलंभर चहा, चमचा उभा राहील एवढ्या साखरेचा. तेल-साखर कमी करायला शिकायला आलेल्या बायका मांडी घालून बसल्या, प्रत्येकीच्या हातात कागदावर चिवडा, आणि मी बोलायला उभी राहिले. तेवढ्यात दारात कॅनव्हासचे बूट दिसले.

माझं धाबं दणाणलं. शारदाबेननी डबा पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तो कुठला मावायला.

बाई आत आल्या, चिवडा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला! "अरे वा! मला?" म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली. मांडी घालून बसल्या, मनापासून खाल्ला, "एकदम सरस झालाय, कुणी केला?" असंही विचारलं. आम्ही मेल्यागत उभ्या. खाऊन झाल्यावर हातातला कागद त्यांनी झटकला आणि दारातल्या उन्हात वर धरला. तेलानं कागद असा पारदर्शक झाला होता की पलीकडे उभ्या असलेल्या शारदाबेनचं कुंकू दिसत होतं.

"शारदाबेन, तमे देखाओ छो!" बाई ओरडल्या.

झालं! बायकाबायकांत एकच हशा उसळला. जी ती आपला कागद उन्हात धरून पलीकडचं माणूस शोधू लागली. "मने तारुं नाक देखाय!" "तारो कान!" दोन शब्दही न बोलता धडा झाला होता. मग बाईंनी तिथेच पोहे कोरडे भाजून, थोड्याशा तेलात फोडणी देऊन चिवडा केला, आणि दोन्ही चिवडे शेजारी ठेवून विचारलं, कुठला चांगला लागतो? बायकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, तळलेला. बाई म्हणाल्या, "मलाही तोच. तो सणाला. हा रोज." परतताना मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "छे! आज तुम्ही चिवडा नेला नसता तर मला कागद कुठून मिळाला असता? रिकाम्या हातानं कधीच जाऊ नका."

मात्र या सगळ्यात बाईंची खरी तऱ्हा होती ती शेवटच्या परीक्षेची. लेखी नाही, तोंडी नाही. तिचं नाव 'घरची परीक्षा'. पद्धत अशी. तुमच्या घरात स्वयंपाकाची सत्ता ज्या माणसाकडे असेल, त्या माणसाला तुम्ही स्वयंपाकातली एक, फक्त एक गोष्ट शिकवायची. मग परीक्षेच्या दिवशी ते माणूस वर्गात येणार, सगळ्यांसमोर उभं राहणार आणि सांगणार, पास की नापास. बाई एक गुणही देणार नाहीत. जी पास होईल तिला गल्लीत स्वतःचा वर्ग मिळेल. नापास झाली तर घरी जाऊन पुन्हा शिकवायचं.

"परक्याला शिकवणं सोपं," बाई म्हणत. "परका हो-हो म्हणतो आणि घरी जाऊन त्याला हवं तेच करतो. घरचं माणूस तोंडावर नाही म्हणतं. ते ज्यांना ऐकवेल त्यांनीच बाहेर शिकवायला जावं."

सासूबाईंना शिकवायचं? मी? ज्या पातेल्याला हात लावायची सोय नाही त्यात मी सुधारणा करायची? आणि नापास झाले तर वर्ग गेला, आणि त्याबरोबर पातेलंही जन्माचं गेलं.

मी शेवग्याचा पाला निवडला. आमच्या गल्लीच्या टोकाला शेवग्याचं झाड होतं. शेंगा लोक तोडून नेत, पाला तसाच गळून जाई. तो आमटीत घालायचा आणि गूळ निम्मा करायचा, हा माझा धडा. मी पाल्याची डहाळी घेऊन घरी आले. सासूबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "आपल्याकडे शेळी नाही."

संपला धडा. दोन दिवस मी तोच पाला इकडून तिकडे ठेवत होते. शेवटी रडकुंडीला येऊन बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "तुमच्या सासूबाईंना सगळ्यात जास्त काय सहन होत नाही?"

मी विचार केला. "कुणी काम वाईट केलेलं."

"मग करा की वाईट!" बाईंनी आनंदानं टाळीच वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी ताजा पाला आणला, सासूबाईंच्या समोर बसले आणि तो मुद्दाम काड्यांसकट ओरबाडायला लागले. त्यांनी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा माझ्या हातातून डहाळी ओढून घेतली. "असा निवडतात होय पाला? काड्या तोंडात येतील सगळ्यांच्या!" भराभर निवडला. मग धुतला. मग म्हणाल्या, "आता निवडलाच आहे तर टाकून थोडाच देणार?" मी हळूच म्हटलं, पाला असला की गूळ थोडा कमी लागतो म्हणतात. त्या "हूं" म्हणाल्या आणि गुळाचा खडा मोडून अर्धा परत डब्यात टाकला. मी पोळ्या लाटत होते आणि लाटण्याचा आवाज होऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. मामंजींनी त्या दिवशी आमटी दोनदा मागून घेतली! मी मनातल्या मनात फुगडी घातली.

परीक्षेच्या दिवशी शारदाबेनचा नवरा आला होता. कारण त्यांच्या घरात स्वयंपाक शारदाबेन करत, पण काय करायचं हे तो ठरवी. पाळी संपवून कारखान्याच्या कपड्यांतच आला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "पहेलां डब्बामां रोटली ने अथाणुं, बस. हवे लीली भाजी होय छे. पहेले दिवसे मने गुस्सो आव्यो. हवे बाजुवाळो मारा डब्बामां हाथ नाखे छे." पोळी-लोणच्याच्या डब्यात आलेल्या भाजीला आता शेजाऱ्याचाही हात लागत होता! "पास." आम्ही टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. शारदाबेन पदरानं तोंड झाकून हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

मग सासूबाई उठल्या. ठेवणीतली चंदेरी नेसल्या होत्या, कानात मोत्यांच्या कुड्या. एखाद्या सभेत बोलायला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. मी मामंजींच्या दोन वाट्या आठवत निश्चिंत होते.

"नापास," सासूबाई म्हणाल्या.

आणि पदर सावरून वर्गाकडे वळल्या.

"हिनं काय शिकवलं मला? पाला मी निवडला. धुतला मी. फोडणी माझी. गूळ मी कमी केला. ही तर पोळ्या लाटत होती. शिकवलं असेल तर मीच हिला शिकवलं, पाला कसा निवडायचा ते."

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. आणि वाईट याचं वाटत होतं की त्या बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी बाईंकडे पाहिलं. ही युक्ती त्यांचीच होती ना? आता त्या मला सांभाळून घेतील!

कसलं काय! बाई खुर्चीतून उडालेल्याच होत्या. "बरोबर! अगदी बरोबर! ही नापास!" त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले. "आणि तुम्ही उद्या दहा वाजता या. नवी तुकडी सुरू होतेय."

"मी? अहो, मला काय येतं?"

पण तोवर बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या. गूळ किती कमी केला, पाला आधी घालायचा की उकळी आल्यावर, कडू नाही लागत? सासूबाईंनी आजवर घराबाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या आधी उभ्यानं उत्तरं देत होत्या. मग बसल्या. मग पदर खोचला. शेवटी मलाच त्यांना सांगावं लागलं, "आई, घरी जायचं ना?"

"थांब गं, या काय विचारतायत बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात कधी नव्हे ती धांदल. कापडी पिशवी सापडेना, चष्म्याचं घर सापडेना. पावणेदहाला सासूबाई चपला घालून जिना उतरायला लागल्या आणि अर्ध्या जिन्यातून त्यांचा आवाज आला, "आमटीचं तू बघ गं! मला उशीर होतोय!"

मी स्वयंपाकघरात आले. ओट्यावर पातेलं, शेजारी पळी. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळे भरून आले. गूळ घातलाच नाही. कराडची आमटी केली, लसूण ठेचून, कांदा-लसूण मसाला घालून, लालभडक! मामंजींनी पहिला भुरका मारला आणि त्यांचे कान लाल झाले. पाणी प्यायले. नाक पुसलं. मग वाटी पुढे केली. "अजून आहे का?"

त्या दिवसापासून आमटी माझी झाली, मग भाजी, मग सगळंच. सासूबाईंना वेळ कुठे होता? नंदेसरीच्या बायकांना त्या धाडधाड गुजरातीत सांगत, घरी येऊन मला शारदाबेनच्या नकला करून दाखवत, आणि बाईंशी तर त्यांची रोज भांडणं. हिंगावरून, ताकावरून, तांदूळ किती पाण्यानं धुवावे यावरून. बाई घरी येऊन भांडत. दोघींचे चेहरे भांडताना काय फुलत! मला वाटतं, बाईंना इतकं चोख भांडणारं माणूस उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. पुढे बाई शेवटच्या आजारात बिछान्याला खिळल्या तेव्हाही सासूबाई पेज घेऊन जात, आणि बाई एक चमचा चाखून म्हणत, "नापास. उद्या पुन्हा."

पण मला सांगायचंय ते सासूबाईंच्या घरच्या परीक्षेविषयी. त्यांची तुकडी संपली. वर्ग भरला. मामंजीही हौसेनं आले होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते. एकेकीचं झालं. बाईंनी सासूबाईंचं नाव पुकारलं आणि सगळ्यांना विचारत तोच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात स्वयंपाकाची सत्ता कुणाकडे?"

सासूबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या म्हणतील, 'माझ्याकडेच, दुसऱ्या कुणाकडे?' मामंजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खाकरले. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग माझ्याकडे हात केला.

"हिच्याकडे."

एवढंच. माझ्या लग्नाची पाच वर्षं, सगळ्या पोळ्या, सगळं कौतुक, माझ्या डोळ्यांपुढून सर्रकन गेलं. मी उठले. शारदाबेन मागून ढोसत होत्या, "बोलो ने, बेन!" समोर सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या होत्या, आणि मी काय म्हणते याची त्यांना खरोखर, मनापासून धास्ती वाटत होती.

"पास," मी म्हणाले. "पाला निवडायला मला आईंनीच शिकवलं."

टाळ्या थांबल्यावर मी धीर करून बाईंना विचारलं, "आणि बाई, माझी परीक्षा राहिलीच की. मी नापासच आहे अजून."

बाई विचारात पडल्या. मी त्यांना विचारात पडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची परीक्षा आता घ्यायची कुणाकडून? सत्ता तुमच्याकडे. तुम्हाला नाही म्हणणारं घरात कुणी उरलंच नाही. सोमवारपासून गल्लीतला वर्ग तुमचा."

"उरलं नाही कसं?" सासूबाई तडक म्हणाल्या. "मी आहे की!"

आणि आदल्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त झालं होतं, हे त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांदेखत सांगून टाकलं.